विहीण कोणी म्हणायची

गोदा जाऊन आता बरीच वर्षं झाली, तिच्यामागे तिचं असं कोणी नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही. ती असती तर लिहिलं नसतं. माझ्या नातसुनेला माळ्यावर माझी गाण्यांची जुनी वही सापडली. ती माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकली आहे आणि तिला सगळ्या गोष्टी ओळीनं लावून ठेवायची खोड आहे. म्हणाली, "आजी, ही गाणी सगळी सरमिसळ झाली आहेत. विषयवार लावू या. माहेरची एकीकडे, भावाची एकीकडे, पाळण्याची, लग्नाची. आणि दर विषयातलं तुमचं आवडतं एक निवडा." मी म्हटलं, लाव. तिनं लावली. चार दिवस ती वही घेऊन बसली होती, पण तिच्या एक ध्यानात आलं नाही की ही सगळी गाणी एकाच बाईची आहेत. अक्षर तेवढं माझं. गाणं गोदाचं. गोदा म्हणजे माझी धाकटी जाऊ.

माझं माहेर ठाण्याचं, मासुंद्याच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. वडील शाळामास्तर होते, म्हणून मला मुलींच्या शाळेत घातलं आणि चार इयत्ता होऊ दिल्या. दहाव्या वर्षी लग्न होऊन कल्याणला आले. आमचं घर पारनाक्याजवळ. सासरे अबोल, घरात सगळा शब्द सासूबाईंचा. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, धाकटे भावोजी अजून शिकत होते आणि चंपू ही माझी नणंद तेव्हा पाळण्यात होती. तिला मीच कडेवर घेऊन वाढवली. त्या घरात लिहितावाचता येणारी बाई मी एकटी. सासूबाई स्वतः मला चांगलं म्हणत नसत, पण आळीत सांगत, "आमची थोरली पत्र वाचते हो, अडखळत नाही." दुपारी शेजारच्या बायका माहेरची पत्रं पदराखाली झाकून माझ्याकडे घेऊन येत. मी वाचून दाखवी. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या भावानं बोलावलं आहे, हे त्यांच्याआधी मला कळायचं. हा माझा मान होता. तो सात वर्षं माझा एकटीचा होता.

मग गोदा आली. खाडीपलीकडच्या मिठागराच्या गावची, बाप तिथं मुकादम. सावळी, हडकुळी, पुढच्या दोन दातांत फट. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं होतं, पण आमच्या गोतात लक्ष्म्या आधीच तीन होत्या, म्हणून ती गोदाच राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. पैपाहुण्यांत बोलायची रीत येत नव्हती. घावन उलटताना ते फाटायचं. मी मनात म्हटलं, बरं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघी जात्यावर समोरासमोर बसलो. ज्यांनी कधी दळलं नाही त्यांना सांगते, एका जात्यावर दोघी बसल्या की एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. समोरची ओढते की नुसता हात ठेवून बसली आहे, ते लगेच कळतं. गोदा ओढत होती. मूठभर तांदूळ जात्याच्या तोंडात टाकले आणि कोणी सांगितलं नसताना तिनं सुरू केलं,

खाडीच्या पलीकडे । माझ्या आईचा ग पदर
भरतीच्या पाण्याला । नाही लेकीची कदर

आवाज मोठा होता, पण ओरडल्यासारखा नव्हता. जात्याच्या घरघरीवर तो असा बसला, जशी भाकरी तव्यावर बसते. सासूबाई अंघोळीला निघाल्या होत्या त्या हातात तांब्या घेऊन दारात थांबल्या. मी सात वर्षं त्या जात्यावर बसत होते. माझ्यासाठी त्या कधी थांबल्या नाहीत. माहेरच्या गाण्यांत मी हीच ओवी निवडली आहे, कारण ती चांगली आहे. मला ती तेव्हाही चांगली वाटली होती आणि त्याच वेळी तिचा हेवा वाटला होता. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर रोज नवी. जुन्या ओव्या सगळ्यांनाच येतात, मलाही येत होत्या. गोदा मात्र बसल्या जागी करायची. तिचा भाऊ एकदा पावसापाण्यातून, खाजणाच्या दलदलीतून चालत तिला भेटायला आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. सासूबाईंनी त्याला ओळखलं नाही आणि ओटीवरूनच "कोण हवंय?" म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी जात्यावर हे ऐकू आलं,

भाऊ आला दारी । पायी चिखल मिठागराचा
सासूबाई पुसती । पाव्हणा हा कोण्या घराचा

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. सासूबाई आतून आल्या आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय गं कार्टे, मला जात्यात घालून दळतेस होय?" आणि हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आळीत चार घरी जाऊन ती ओवी स्वतः म्हणून दाखवली. मी कधी सासूबाईंच्या पुढ्यात पाटसुद्धा जोरात आपटला नव्हता. तिनं त्यांची थट्टा केली आणि त्या खूश. वागणुकीचं फळ मिळतं असं शाळेत शिकवलं होतं, ते मी त्या दिवशी सोडून दिलं.

मग सासूबाईंनी मला कामाला लावलं. "थोरले, तू लिहून ठेव. हिचं तोंड आणि तुझा हात. नाहीतर सगळं वाऱ्यावर जाईल." ह्यांनी कोरे कागद आणून दिले, मी ते दोऱ्यानं शिवले, आणि दुपारी गोदा पाय पसरून वाल सोलत बसायची, मी शेजारी बोरू घेऊन. म्हणजे चार इयत्ता शिकून मी त्या अडाणी पोरीची कारकून झाले. ती म्हणायची, "जाऊबाई, दमलात? थांबू का?" मी म्हणे, "तू म्हण. मला काय होतंय." एकदा मीही ओवी करून बघितली. रात्रभर मनात जुळवली, सकाळी जात्यावर पहिली ओळ म्हटली, "ठाण्याच्या तळ्यात, कमळे फुलली फार." पुढचं जुळवलेलं ऐन वेळी आठवेना. जातं फिरत राहिलं. दोन फेरे, तीन फेरे. गोदानं माझ्याकडे बघितलं नाही, जात्यात वैरणीचे दाणे घालता घालता पुढची ओळ म्हटली,

ठाण्याच्या तळ्यात । कमळे फुलली फार
जाऊबाईंच्या डोळ्यांत । उघडे माहेराचे दार

तिनं ती चांगुलपणानं म्हटली हे मला ठाऊक आहे. तेच मला सोसलं नाही. हिणवलं असतं तर भांडता आलं असतं. वर ती ओवी खरी होती.

मला मुलगा झाला तेव्हा वाटलं, आता माझं पारडं जड झालं. गोदाला मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. पण तो रडायला लागला की माझ्याकडे थांबायचा नाही. थोपटून थोपटून माझे हात दुखायचे. गोदा चुलीपुढून उठायची, हात पदराला पुसायची आणि नुसती गुणगुणायची,

तान्ह्याची या झोप । खाजणातलं पाणी
येते आणि जाते । भरती-ओहोटीवाणी

आणि तो गप्प. सासूबाई म्हणत, "त्याला कळतं गाणं कुठं आहे ते." आज तो मुलगा साठीला आला आहे. परवा नातसुनेनं पाळण्याच्या गाण्यांतली ही ओळ त्याला वाचून दाखवली, तर म्हणतो, "काकूची ना?" अंगावरचं दूध मी पाजलं. असो.

आता लग्नाच्या गाण्यांकडे येते, कारण वहीत त्यांचीच पानं जास्त आहेत आणि त्यातलंच एक सांगायचं आहे. चंपू नऊ वर्षांची झाली आणि तिला डोंबिवलीचं स्थळ आलं. तेव्हा डोंबिवली म्हणजे शेतात वसलेलं लहानसं गाव. माणसं चांगली होती, भातशेती होती. मुलगा शाळेत जात होता. लग्न आमच्या दारात. आमच्याकडे लग्नात वरमाय पंगतीला बसली, पानावर वरणभात वाढून तूप पडलं, की मुलीकडच्या एका बाईनं उभं राहून तिला गाणं म्हणायचं. त्या गाण्यालाही विहीणच म्हणतात. आमची लेक तुमच्या ओटीत घातली, तिला संभाळा, असं त्यात असतं. ते संपेपर्यंत पंगतीतलं कोणी घास उचलत नाही. घरात एका लग्नात एकच बाई विहीण म्हणते, आणि जी म्हणते ती त्या घरची मोठी, असं सगळे धरून चालतात. चंपूला मी वाढवली. थोरली मी. मला कोणी विचारायचीसुद्धा गरज नाही असं मी समजत होते.

आम्ही वाल सोलत बसलो होतो. शेजारच्या काशीताई होत्या. त्यांनीच विषय काढला. "विहीण कोण म्हणणार गं तुमच्याकडे?"

सासूबाई म्हणाल्या, "कोण म्हणजे? गोदा."

काशीताईंनी माझ्याकडे बघितलं. "थोरली असताना?"

"थोरली यादी वाचेल, पत्र वाचेल," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक जायची आहे. तिथं पत्र वाचून काय उपयोग? विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी निघालं पाहिजे. थोरलीनं म्हटलं तर पाढे म्हटल्यासारखं वाटतं."

काशीताई हसल्या. गोदा म्हणाली, "जाऊबाईंनीच म्हणावी. मी रचून देते." मी म्हटलं, "मला कशाला? तुझं तू म्हण." आणि हातातले वाल सालीच्या ढिगात टाकत राहिले. कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मुलाकडून मानपानाची यादी आली ती मीच वाचून दाखवली. त्यात दोन नावं होती. वरमाय पार्वतीबाई, त्यांना शालू. आणि मुलाची जन्मदाती भागीरथीबाई, कैलासवासी, त्यांच्या नावे खण-नारळ. मुलगा पहिल्या बायकोचा होता. पार्वतीबाईंना दुसरेपणावर दिलेली, आणि तो सहा महिन्यांचा असल्यापासून त्यांनी त्याला वाढवलेला. सासूबाईंनी शालू आणि खण तेवढे ध्यानात ठेवले. नावं कोण ध्यानात ठेवतं? त्या काळी बाईला नावानं हाक मारत नसत. आम्ही सगळ्या "डोंबिवलीच्या विहीणबाई" म्हणत होतो.

विहीण मुलीच्या घरात आधी मोठ्यानं म्हणत नाहीत. म्हटली तर लेक चार दिवसांत परत येते, असं मानतात. म्हणून गोदानं गाणं मनातल्या मनातच रचलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी विहिरीवर पाणी शेंदत होते. ती घागर घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, तेवढं विहीणबाईंचं नाव सांगा ना. शेवटाला घालायचंय. नाव घेऊन म्हटलं की बाईला बरं वाटतं."

मी पोहरा वर ओढला, घागरीत रिकामा केला आणि म्हटलं, "भागीरथी."

पुढं चाळीस वर्षं मी स्वतःलासुद्धा सांगत आले की लग्नाच्या गर्दीत माझी चूक झाली. चूक झाली नव्हती. दोन्ही नावं माझ्यापुढे यादीतल्यासारखी स्वच्छ होती, आणि मी एक निवडलं. त्यामुळे नेमकं काय होईल ते मला दिसत नव्हतं. गोदा चारचौघांत अडखळेल, लोक हसतील, सासूबाई म्हणतील की थोरलीनं म्हटली असती तर बरं झालं असतं, एवढंच मला हवं होतं.

लग्न लागलं. बायकांची पंगत मांडवात बसली. विहीणबाई मधल्या पाटावर. गोऱ्या, ठेंगण्या, चाळिशीच्या आतल्याच असतील. गळ्यात मंगळसूत्राच्या खाली चांदीचा टाक. सवतीच्या नावाचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं तो घालायचा, म्हणजे गेलेली कोपत नाही. सासूबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. तूप पडलं आणि गोदा उभी राहिली. तिनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं, तेही तिला नीट नेसता आलं नव्हतं. तिनं म्हटलं,

भांड्याची खरवड । आमच्या चंपूची आवड
मागायची नाही तोंडानं । तुम्हीच काढा सवड

चंपूला खरंच भाताची खरवड फार आवडायची. मी ती तिला रोज काढून द्यायचे, पण ते गाण्यात घालावं हे मला सुचलं नसतं. पंगतीत बायकांनी पदर डोळ्यांना लावले. विहीणबाईंची मान खाली होती आणि त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मलाच गलबलून आलं. तेवढ्यात ओरडून थांबवता आलं असतं. मी वाढायचं पातेलं धरून उभी राहिले.

भागीरथीबाई विहिणी । ठेवा हात पाठीवर
आजपासून चंपूची । आई तुम्ही खरोखर

विहीणबाईंचा हात गळ्यातल्या टाकावर गेला. कोणी हसलं नाही. गोदाला काय झालं ते कळेना, ती शेवटची ओळ पुन्हा म्हणायला लागली होती, ती मध्येच थांबली. विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "भागीरथीबाईंना बोलावलं असेल तर पान त्यांना मांडा. मी त्यांचा मुलगा वाढवला. त्यांच्या पानावर नाही जेवायची." आणि उठल्या. त्यांच्याबरोबर त्यांच्याकडच्या सगळ्या उठल्या.

सासूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. त्या धावल्या, विहिणीच्या पायांवर वाकल्या. "अहो, कुणी सांगितलं हे नाव? गोदे, कुणी सांगितलं तुला?"

गोदानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ती विहीणबाईंकडे वळली आणि म्हणाली, "कुणी नाही. मला लिहितावाचता येत नाही. दोन नावं ऐकली होती, त्यातलं उलटं ध्यानात राहिलं. मी वेडी आहे. माझ्यापायी पोरीवर राग धरू नका."

सासूबाईंनी तिथंच तिच्या तोंडात मारली. त्यांच्याकडची एक म्हातारी आत्या होती, तिनं विहीणबाईंचा हात धरून समजूत घातली. पुष्कळ वेळ गेला. वरणभात निवून गेला. शेवटी विहीणबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणा. माझं नाव लावून म्हणा. हिनं नको. घरात दुसरी कुणी शहाणी नाही का?"

"थोरले," सासूबाई म्हणाल्या, "तू म्हण."

जे हवं होतं ते असं मिळालं. मी पातेलं खाली ठेवलं आणि उभी राहिले. गोदाचं गाणं एकदा ऐकून मला पाठ झालं होतं. शब्द एक इकडचा तिकडे झाला नाही, नाव बरोबर घातलं. पहिली ओळ होते न होते तोच एका बाईनं भात कालवला. मग दुसरीनं. मी म्हणत होते आणि पंगत जेवत होती. विहीणबाईंनीही मध्येच घास घेतला. कोणी मीठ मागितलं, कोणी वाढलं. मी शेवटपर्यंत म्हटलं.

पाहुणे गेल्यावर मी गोदाला मागच्या पडवीत गाठलं. गालावर बोटं उठली होती. मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "चंपूला त्या घरात जन्म काढायचाय. दोन सुना मांडवात भांडल्या तर ते घर कसलं म्हणून तिला रोज ऐकवतील. एक वेडी निघाली तर चार दिवस हसतील." मग म्हणाली, "तुम्हाला म्हणायची होती तर सांगायचं होतंत, जाऊबाई. मी बसले असते गप्प."

ऐकवायचं राहिलं नाहीच. चंपू पहिल्या खेपेला माहेरी आली तेव्हा मी विचारलं, खरवड मिळते का? म्हणाली, "मिळते ना वहिनी. सासूबाई स्वतः वाढतात. वाढताना रोज म्हणतात, तुझ्या खऱ्या सासूला विचारून वाढते हो." पोर हसत सांगत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढं कळलं असणार, पण ती कधी बोलली नाही.

गोदानं माझ्याशी अबोला धरला नाही. कामात कसूर केली नाही. पहाटे जात्यावर समोर बसायची, खुंटा पूर्वीसारखाच ओढायची. फक्त गायची नाही. सासूबाईंनी दोनदा म्हटलं, "अगं, म्हण काहीतरी." ती म्हणे, "आता सुचत नाही." मला आधी बरं वाटलं, हे लिहून ठेवते. महिना-दोन महिने बरं वाटलं. मग नुसतं जात्याच्या घरघरीनं माझं डोकं दुखू लागलं.

मी दिवाळीला ठाण्याला जाऊन आले, तेव्हा काशीताई मला बोलता बोलता म्हणाल्या, "तू नव्हतीस तर काय गायली गं तुझी जाऊ. आम्ही सगळ्या ओटीवर येऊन बसायचो." त्यांना ठाऊक नव्हतं त्या काय सांगत होत्या. पुढच्या वेळी मी सांगितल्यापेक्षा एक दिवस आधी परत आले. सकाळच्या गाडीनं उतरले, मूल कडेवर, गाठोडं हातात, आणि पुढच्या दारानं न जाता विहिरीकडून आले. आत गोदा एकटीच दळत होती आणि गात होती. मुलाला मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं. गाठोडं खाली ठेवलं तर आवाज होईल म्हणून तसंच धरून उभी राहिले. हात भरून आला. मला ती ओवी सगळी ऐकायची होती, पण मुलानं तिचा आवाज ओळखला आणि "काकू" म्हणून हाक मारली. ती मध्येच थांबली. जातं तेवढं फिरत राहिलं. ती उठून दारात आली, माझ्या कडेवरून मुलाला घेतलं आणि म्हणाली, "बसा जाऊबाई. पाणी देते."

वहीच्या शेवटच्या पानावर एक अर्धीच ओवी आहे, त्या सकाळी विहिरीकडून ऐकली तेवढी. नातसून म्हणाली, "ही कुठल्या विषयात घालू? आणि हिची दुसरी ओळ?" मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ती ओवी अशी आहे,

जात्याच्या पलीकडे । रिकामी ग एक जागा

पुढं काय होतं ते गोदाला मी कधी विचारलं नाही. तीस वर्षं एका घरात राहिलो. ती शेवटी अंथरुणावर होती तेव्हा मी उशाशी बसून असायचे, तेव्हाही तोंडातून शब्द निघाला नाही. मी दुसरी ओळ जुळवून बघितली आहे, पुष्कळदा. जुळते. पण ती माझी वाटते, आणि मी खोडून टाकते.